पदर सुटलेला पफ, घरच्या घरी

प्रतिनिधी, नवी मुंबई

संध्याकाळी चहाच्या वेळी वाशी, नेरूळ किंवा बेलापूरच्या बेकरीत काचेच्या कपाटात मांडलेला गरम व्हेज पफ पाहून तो घरीच करावा, असे अनेकांना वाटते. पुण्यात याच पदार्थाला पॅटिस म्हणतात; मुंबईत मात्र पॅटिस म्हटले की रगडा डोळ्यांसमोर येतो. मूळ युरोपीय पारीत बटाटा, खिमा वा अंड्याचे मसालेदार सारण भरून हा पदार्थ आपल्याकडे रुजला. सारणाशिवाय तीच पारी भाजली की खारी होते. सारण सर्वांनाच जमते. घरचा प्रयत्न बहुधा फसतो तो पारीपाशी, आणि त्याला बरेचदा येथील उष्ण हवा कारणीभूत असते.

पदर कसे सुटतात?

चिरोटे किंवा साट्याच्या करंज्या करणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही. तेथे पोळ्यांना तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतात. येथे मैद्याच्या पारीत थंड लोण्याची वडी गुंडाळतात. दर वेळी लाटून तिहेरी घडी घातली की लोण्याचे थर तिप्पट होतात. चार घड्यांत ८१, तर सहा घड्यांत ७२९. ओव्हनमध्ये पाण्याची वाफ होते आणि लोण्याने विलग ठेवलेले मैद्याचे थर ती वर उचलते. म्हणूनच यात यीस्ट वा खाण्याचा सोडा लागत नाही. लोणी आधीच वितळून मैद्यात मुरले, तर मात्र थर एक होतात आणि जड बिस्किटासारखा पदार्थ हाती येतो.

लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. खाडीकाठच्या या शहरात उन्हाळ्याच्या दुपारी स्वयंपाकघराचे तापमान याच्या आसपास असते. त्यामुळे पारीचे काम सकाळी लवकर, पंख्याखाली आणि गॅस पेटवण्यापूर्वी उरकावे. ओट्याच्या दगडावर बर्फाचे ताट दहा मिनिटे ठेवून तो पुसून घेतल्यास लाटणे सोपे जाते.

साहित्य (१२ पफांसाठी)

मैदा २५० ग्रॅम, विकतचे घट्ट लोणी १७५ ग्रॅम, मोहनासाठी १ मोठा चमचा पातळ लोणी, लिंबाचा रस १ लहान चमचा, बर्फाचे पाणी सुमारे १२५ मिलिलिटर, मीठ (लोणी खारे असल्यास चिमूटभरच). सारणासाठी ३ मध्यम उकडलेले बटाटे, अर्धी वाटी वाफवलेले मटार, १ कांदा, आले-मिरचीचे वाटण, गरम मसाला, कोथिंबीर.

कृती

कांदा परतून वाटण, मसाला, बटाटे व मटार घालून सारण कोरडे होईपर्यंत परतावे आणि पूर्ण गार करावे. गरम वा ओले सारण पारी बिघडवते.

मैद्यात मीठ, मोहन, लिंबाचा रस व पाणी घालून गोळा मळावा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. लोणी दोन प्लास्टिक कागदांमध्ये थापून चौकोनी वडी करावी व तीही गार करावी. पारी लाटून मध्ये वडी ठेवावी, चारही बाजू तिच्यावर दुमडाव्यात. हलक्या हाताने लांबट लाटून तिहेरी घडी घालावी. प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रीजमध्ये विश्रांती द्यावी. अशा चार घड्या घरी पुरेशा होतात. लोणी बाहेर डोकावू लागले, तर जोर न लावता पारी लगेच फ्रीजमध्ये ठेवावी.

शेवटी ४० बाय ३० सेंटिमीटर लाटून धारदार सुरीने १० सेंटिमीटरचे १२ चौकोन कापावेत. बोथट सुरीने कडा दाबल्या जातात आणि पदर सुटत नाहीत. सारण भरून काठांना पाणी लावावे, दुमडून चिकटवावे व वरून दूध फिरवावे. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २१० अंशांवर १२ मिनिटे आणि नंतर १८० अंशांवर सुमारे १५ मिनिटे, म्हणजे सोनेरी होईपर्यंत, भाजावेत. पहिल्या टप्प्यात ओव्हनचे दार उघडू नये.

लोणी की वनस्पती तूप?

बेकरीत पूर्वापार वनस्पती तूप किंवा मार्गारिन वापरले जाते. ते उष्ण हवेतही घट्ट राहते व स्वस्तही पडते. मात्र तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करताना ट्रान्स फॅट तयार होतात. त्यांच्यामुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यतेल व स्निग्ध पदार्थांतील त्यांची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. विकतचे मार्गारिन घेताना वेष्टनावरील हा आकडा अवश्य पाहावा.

लोण्याचा पफ चवीला सरस असला, तरी वरील प्रमाणाने एकेका पफात सुमारे १५ ग्रॅम लोणी जाते, हे विसरू नये. एका बैठकीत बाराही संपवण्याची गरज नाही. न भाजलेले पफ हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात. पाहुणे आले की काढून थेट भाजावेत, फक्त पाच मिनिटे अधिक द्यावीत.