एकाच स्वयंपाकघरातला धूर

मागच्या वेळी आपण अनुमानाविषयी बोलत होतो. आज तेच अनुमान जरा लांब, दुसऱ्या सूर्यांच्या ग्रहांपर्यंत नेऊन पाहू या.

१६९८ साली हेगमध्ये ‘कॉस्मोथिओरोस’ नावाचं लॅटिन पुस्तक निघालं. लेखक ख्रिस्तियान हायगेन्स तीन वर्षांपूर्वीच वारले होते. हा माणूस स्वप्नाळू नव्हे. लंबकाचं घड्याळ त्यांचं, शनीच्या कड्याचा उलगडा त्यांचा. १६५५ मध्ये शनीचा टायटन हा चंद्रही त्यांनीच शोधला. असा माणूस परग्रहांवर काय काय असेल ते लिहायला बसतो, म्हणून आम्हाला ते पुस्तक महत्त्वाचं वाटतं.

त्यांचं म्हणणं असं: पृथ्वी हा ग्रह, तिच्यावर झाडं, प्राणी, विचार करणारे जीव, मग बाकीचे ग्रह ओसाड का असावेत? गुरू-शनीला चंद्र अनेक, म्हणजे समुद्रावर आपली जागा ठरवायची केवढी सोय! म्हणजे जहाजं असणार. आणि जहाजं आली की शिडं, नांगर, दोरखंड, कप्प्या आल्याच.

हसू येतं खरं. पण त्याच पुस्तकात ते सांगतात, की तिथल्या थंडीत आपलं पाणी गोठून जाईल, तेव्हा तिथला द्रव वेगळ्या जातीचा असला पाहिजे. २००५ मध्ये त्यांच्याच नावाचं यान टायटनवर उतरलं. तापमान उणे १७९ अंश. द्रव मिथेननं कोरलेले ओहोळ, आणि पाण्याचा बर्फ इतका टणक की त्याचे गोटे झालेले!

एकाच माणसाचा एक तर्क लागू पडतो, दुसरा फसतो, हे कसं? थंडीचा तर्क कारणावर उभा होता: सूर्यापासून दूर गेलं की ऊन कमी. दोरखंडाचा तर्क नुसत्या सारखेपणावर. आपले नैयायिक डोंगरावरच्या धुरावरून अग्नी सांगतात आणि दाखला देतात स्वयंपाकघराचा. पण धूर तिथं अग्नी, हे पुन्हा पुन्हा पाहिलेलं असावं लागतं. हायगेन्स यांच्याजवळ स्वयंपाकघर एकच होतं, आपली सूर्यमाला.

बरं, ही खोड सतराव्या शतकाबरोबर गेली म्हणावं, तर तसंही नाही. १९५२ मध्ये ऑटो स्ट्रूव्ह यांनी लिहिलं, की एखादा मोठा ग्रह ताऱ्याला अगदी खेटून, दिवसाभरात फेरी मारणारा असू शकेल, आणि तो सापडूही शकेल. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आपल्या गुरूला एका फेरीला जवळजवळ १२ वर्षं लागतात ना! १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना ५१ पेगासी ताऱ्याभोवती ग्रह मिळाला: गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा, फेरी ४.२ दिवसांची.

चंद्रांच्या बाबतीत मात्र आपण अजून हायगेन्स यांच्याच जागी आहोत. दूरच्या ग्रहांनाही चंद्र असतील, असं ते म्हणत. २०१८ मध्ये ॲलेक्स टीची आणि डेव्हिड किपिंग यांनी ‘केपलर-१६२५बी’ या ग्रहाभोवती नेपच्यूनएवढ्या चंद्राची शक्यता मांडली. एवढा चंद्र आपल्याकडे कुठंच नाही. पण तेवढ्यानं तो खोटा ठरत नाही. अडचण दुसरीच आहे. हबल दुर्बिणीची तीच निरीक्षणं घेऊन दुसऱ्यांनी स्वतंत्रपणे हिशेब केला, तेव्हा त्यांना चंद्राची खूण मिळाली नाही.