कुलपाची विद्या आणि किल्लीची विद्या
(फ्रेडरिक्सबर्गची एक लहान कंपनी आणि आपले मानखुर्द)



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही शिकलो ते मोफत वाचनालयात, फाटकासभेत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा यंत्राच्या पोटात काय चालते हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. त्या यंत्राचा मालक कोण, एवढे विचारण्याचा अधिकार मात्र चळवळीने मला दिला आहे. आजचा विषय तेवढाच आहे.

आरंभ घरच्या गोष्टीने करतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनने सभासदांची नोंद ठेवण्यासाठी एक संगणक घेतला. एका विक्रेत्याने त्यात नोंदवहीची आज्ञावली बसवून दिली. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याप्रमाणे मान्यतेचा अर्ज करायचा तर मागील सलग सहा महिने तीस टक्के कामगार आपले सभासद होते हे दाखवावे लागे. अर्जाची वेळ आली आणि यंत्राने सांगितले, मुदत संपली आहे, नूतनीकरणाची रक्कम भरा. विक्रेत्याने दुकान गुंडाळले होते. नावे आमची, वर्गणी आमची, सभासद आमचे. आणि ती वाचण्याची सोय दुसऱ्याच्या खिशात! आमच्या एका वृद्ध खजिनदारांनी पावतीपुस्तकांची अर्धुके जपून ठेवली होती. चार रात्री जागून त्यांवरून आम्ही वही पुन्हा लिहिली. पण अर्ज महिनाभर लांबला, आणि त्या महिन्यात मालकाने अकरा कंत्राटी कामगारांना फाटकाबाहेर ठेवले. त्यांतले चौघे पुन्हा आत आलेच नाहीत. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या शहराचा या विद्येशी संबंध जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक 1960 साली कामास लागला. 1962 साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्या काळी जगात सर्वत्र यंत्र किमती असे आणि त्यावर चालणारी आज्ञावली यंत्राबरोबर येई, जशी शिवणयंत्राबरोबर तेलाची कुपी येते. वापरणारे ती उघडून पाहत, दुरुस्त करीत, शेजाऱ्याला देत. 1969 साली आय.बी.एम. कंपनीने यंत्राची व आज्ञावलीची किंमत वेगळी केली आणि आज्ञावली हा स्वतंत्र विक्रीचा माल झाला. माल झाला की कुलूप आले. मनुष्याला वाचता येईल अशी मूळ संहिता कंपनीने आपल्यापाशी ठेवायची आणि केवळ यंत्राला कळेल असे रूप गिऱ्हाइकाला द्यायचे, ही रीत पडत गेली.

या रीतीविरुद्ध बंड झाले त्याचे निमित्त अगदी क्षुल्लक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत असे. तेथे झेरॉक्सचे एक नवे मुद्रणयंत्र आले. ते वारंवार अडके. कागद अडकला की सर्वांना तसा निरोप जावा, एवढी सुधारणा स्टॉलमनला करायची होती. पूर्वीच्या यंत्रात ती त्याने केलीही होती. पण नव्याची मूळ संहिता मिळेना. ती ज्याच्याजवळ होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने सांगितले, मी गुप्ततेचा करार केला आहे. स्टॉलमनला त्यात सर्व सहकाऱ्यांचा विश्वासघात दिसला. 27 सप्टेंबर 1983 रोजी त्याने ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली आणि 1989 साली त्याचा प्रसिद्ध परवाना निघाला. त्या विचाराचे सार चार हक्कांत येते : आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालवावी, तिची संहिता अभ्यासावी व बदलावी, प्रती वाटाव्यात, आणि सुधारलेली प्रतही वाटावी. परवान्यातली मेख अशी की, जो पुढे देईल त्याने हे हक्कही पुढे दिलेच पाहिजेत.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने फुकट आणि मुक्त हे दोन्ही अर्थ निघतात, म्हणून त्या लोकांना आयुष्यभर खुलासे करावे लागले. मराठीला तो त्रास नाही. फुकट निराळे आणि मुक्त निराळे, हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शतकानुशतके नकलून घेताना तीत अपपाठ शिरले होते. नाथांना ते दुरुस्त करता आले, कारण ग्रंथ उघडा होता आणि त्याच्या अनेक प्रती लोकांपाशी होत्या. काम संपल्यावर पुढे कोणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असेही त्यांनी बजावले. उघड्या ग्रंथालाही शिस्त लागते, ही गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी आहे.

येथे माझ्या चळवळीची एक चूक मी कबूल केली पाहिजे. संगणकाला आमच्या संघटनांनी कडवा विरोध केला. 1960 च्या दशकात कलकत्त्याच्या इलॅको हाऊसवर विमा कर्मचाऱ्यांनी यंत्र आत जाऊ नये म्हणून पहारा दिला. पुढे सरकारने पुण्याच्या प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली यंत्रीकरणावर समिती नेमली व 1972 साली तिचा अहवाल आला. 8 सप्टेंबर 1983 रोजी बँक कर्मचारी आणि बँका यांच्यात यंत्रांसंबंधी करार झाला. महिना ध्यानात घ्या. त्याच महिन्यात, अवघ्या एकोणीस दिवसांनी, स्टॉलमनची घोषणा झाली. आमच्या करारात यंत्रे किती, कोठे आणि कोणाची नोकरी त्यापायी जाणार नाही, हे प्रश्न होते. ते प्रश्न खरे होते, भाकरीचे होते, आणि त्यांसाठी लढलेल्यांना मी आजही वंदन करतो. परंतु यंत्रावर चालणारी आज्ञावली कोणाची, तिचा मजकूर कोण वाचू शकेल, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. गिरणीच्या लढ्यात सांच्यांची संख्या मोजावी आणि गिरणीच्या जमिनीचा उतारा पाहू नये, तसे हे झाले. गिरण्या गेल्यावर जमिनीचे मोल आपल्याला कळले.

आता त्या लहान कंपनीची गोष्ट. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात फ्रेडरिक्सबर्ग नावाचे गाव आहे. तेथे 1995 साली ‘डिजिटल क्रिएशन्स’ नावाची कंपनी निघाली. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती इंटरनेटवर आणण्याचे काम ती करी. तिचा प्रमुख कारागीर जिम फुल्टन. 1996 साली त्याला एका वर्गाला इंटरनेटचे प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत शिकवण्यास पाठवले. विषय त्याला फारसा येत नव्हता! जाताना विमानात त्याने सारी पुस्तके वाचली, आणि येताना त्याच विमानप्रवासात त्या पद्धतीतले दोष मनाशी धरून नव्या पद्धतीचा गाभा लिहिला. शिकवता शिकवता शिकणाऱ्या आमच्यासारख्यांना हा माणूस आपला वाटावा.

त्या गाभ्यावरून कंपनीने ‘प्रिन्सिपिया’ नावाची आज्ञावली तयार केली. हीच तिची दौलत. पण बाजारात बड्या कंपन्या उभ्या होत्या आणि या चिमुकल्या कंपनीची वस्तू कितीही चांगली असली तरी ती विकत कोण घेणार? 1998 साल या बाबतीत मोठे धामधुमीचे होते. त्या वर्षी जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या आज्ञावलीची संहिता खुली करण्याचे जाहीर केले. फेब्रुवारीत ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्त स्रोत, हे नाव प्रचारात आले. नोव्हेंबरात हडार पेधाझूर नावाच्या भांडवलदाराने डिजिटल क्रिएशन्सला सल्ला दिला की, ही दौलत वाटून टाका. पैसे गुंतवणारा माणूस माल वाटून टाका म्हणतो, हे ऐकून आपल्याला हसू येईल. त्याचा हिशेब सरळ होता. विकून शंभर गिऱ्हाइके मिळतील. वाटल्यास हजारो लोक वापरतील, तपासतील, सुधारतील, आणि अवघड काम निघाले की मूळ कर्त्यालाच बोलावतील. वैद्याच्या काढ्याची कृती गावाला ठाऊक असली म्हणून वैद्याचे दार बंद पडत नाही. कंपनीने सल्ला मानला, आणि प्रिन्सिपिया ‘झोप’ या नावाने जगाला खुली झाली. मराठी कानाला हे नाव विनोदी वाटते, पण त्याने पुष्कळांना जागे केले. ‘झोप’ ज्या ‘पायथॉन’ भाषेत लिहिली होती, तिचे जनक गिडो व्हान रॉसम व त्यांचे सोबती 2000 साली याच कंपनीत आले. 2003 साली रॉसम तेथून गेले आणि पुढे ‘झोप’चा जोरही ओसरला. कंपन्या येतात जातात. वाटलेली विद्या मात्र परत कुलपात घालता येत नाही.

ती विद्या आपल्या दाराशी कशी आली ते आता पाहू. मानखुर्द म्हटले की लोकांना देवनारचा कचरा आठवतो, तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने आठवतात. कित्येक वर्षे हार्बर मार्गाची गाडी येथे येऊन संपत असे. 1992 साली रूळ खाडी ओलांडून वाशीला गेले. त्याच वर्षी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दच्या आपल्या आवारात आले. टाटा संशोधन संस्थेने 1974 साली स्थापलेल्या या केंद्राचा पाया प्रा. वि. गो. कुलकर्णी यांनी घातला. जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातील खेड्यांतल्या शाळा आणि मुंबईतील महापालिकेच्या शाळा, ही त्यांची आरंभीची कार्यक्षेत्रे. गरिबाच्या मुलाला विज्ञान येत नाही ही समजूत त्यांनी प्रयोगाने खोटी ठरवली.

याच केंद्रात जी. नागार्जुन यांनी 2001 साली ‘ग्नोसिस’ नावाची आज्ञावली रचण्यास आरंभ केला. ज्ञानातील कल्पना व त्यांचे परस्परसंबंध नोंदवण्याचे हे साधन. त्याची पहिली इमारत फ्रेडरिक्सबर्गच्या ‘झोप’वर उभी राहिली, आणि पुढे स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पात तिला स्थान मिळाले. त्याच 2001 च्या जुलैत तिरुअनंतपुरम येथे भारताच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानचे उद्घाटन झाले, आणि नागार्जुन यांनी त्याचे अध्यक्षपदही सांभाळले. ग्नोसिसची रचना मला फार आवडली. तीत कोणतीही कल्पना एकटी नसते. ती ज्या इतर कल्पनांशी जोडलेली असते त्यांवरून तिची ओळख ठरते, आणि त्या जोडणीला ते ‘शेजार’ म्हणतात. चाळीत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढे याच प्रयोगशाळेतून शाळांसाठी ‘जी-स्टुडिओ’ ही रचना निघाली. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, मॅसॅच्युसेट्सची तीच तंत्रशाळा आणि टाटा न्यास यांनी 2015 साली सुरू केलेल्या शिक्षणप्रकल्पाने ती वापरली. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम व तेलंगण येथील सरकारी शाळांत ती पोहोचली. इंटरनेटची तार नसली तरी शाळेतल्याच एका यंत्रावर ती चालावी अशी तिची योजना होती. या प्रकल्पाला 2017 सालचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मानखुर्द-देवनारच्या पट्ट्यातून बाहेर काय जाते, तर कचऱ्याचा वास, असे म्हणणाऱ्यांनी ही नोंदही ठेवावी.

एवढे सांगून मी थांबलो तर कामगार कार्यकर्त्याचे कर्तव्य केले असे होणार नाही. वाटलेल्या विद्येचे पीक कोण कापते? 2019 साली रेड हॅट ही मुक्त आज्ञावलींवर उभी राहिलेली कंपनी आय.बी.एम.ने सुमारे 34 अब्ज डॉलरांना घेतली. ज्या असंख्य लोकांनी रात्री जागून ती संहिता घडवली, त्यांतल्या किती जणांपर्यंत यातला पैसा पोहोचला? दुसरीकडे 2014 साली ‘ओपन-एसएसएल’ या आज्ञावलीत भयंकर दोष सापडला. जगातला केवढा तरी व्यापार तिच्या भरवशावर चालला होता, आणि ती सांभाळत होती मोजकी माणसे, बहुतेक विनावेतन. विहीर सार्वजनिक आहे म्हणून गाळ काढणाऱ्याला मजुरी नको, हा न्याय नव्हे. मुक्त विद्येचा पुरस्कार करणाऱ्यांनी त्या विद्येच्या मजुराची बाजू घेतली पाहिजे, आणि आम्ही मजुरांची बाजू घेणाऱ्यांनी विद्येच्या मालकीचा प्रश्न हाती घेतला पाहिजे. हे दोन्ही लढे आजवर एकमेकांना अनोळखी राहिले.

आपण नागरिकांनी काय करावे? 2015 साली केंद्र सरकारने आपल्या कामकाजात मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते कागदावर राहू नये म्हणून विचारणारे हवेत. आपल्या कराच्या पैशाने पालिका, शाळा, इस्पितळ जी आज्ञावली घेते तिची संहिता कोणाजवळ आहे? कंत्राटदार गेला तर नोंदी उघडतील काय? वॉर्ड सभेत पाण्याचा प्रश्न विचारतो त्याच आवाजात हा प्रश्न विचारला पाहिजे.

आमच्या युनियनचे म्हणाल तर पुढे वस्तीतल्या एका मुलाने आमची नोंदवही मुक्त आज्ञावलीवर उतरवून दिली. काम संपल्यावर तिची संहिताही त्याने छापून दिली. ते सारे पाठीपोट कागदांचे बाड आहे. मला त्यातले एक अक्षर कळत नाही. तरी ते मी कपाटात, खजिनदारांच्या त्या अर्धुकांशेजारी ठेवले आहे. आम्हाला कळले नाही तरी आमच्यामागून येणाऱ्या कोणाला तरी ते वाचता येईल.