फायरवॉलला नावं ठेवताना

मूळची फायरवॉल म्हणजे खरोखरीची भिंत. एका घराची आग शेजारच्या घरात शिरू नये म्हणून मध्ये उभी केलेली. संगणकांच्या जाळ्यांनी तो शब्द १९८०च्या दशकाच्या अखेरीस उचलला, पण त्यांच्याकडे भिंत नव्हती, नियमांची यादी होती. आलेल्या प्रत्येक पॅकेटसाठी, म्हणजे माहितीच्या तुकड्यासाठी, ती वरून खाली वाचायची आणि जी ओळ आधी लागू पडेल तिचा निकाल मानायचा.

वीसेक ओळी होत्या तोवर कुणाची तक्रार नव्हती. पुढे मात्र पंचाईत झाली. सिस्कोच्या जुन्या राउटरवर यादीला नाव नसे, नंबर असे: साधीला १ ते ९९, सविस्तरला १०० ते १९९. नवी ओळ टाकली की ती तळाशीच जाऊन बसे, आणि मधली एक काढायला जावं तर आख्खी यादीच पुसली जाई. म्हणून जाणते लोक ती वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवत आणि बदल करायचा झाला की जुनी पुसून सगळीच्या सगळी पुन्हा चिकटवत. १०१ नंबरात नेमकं काय आहे, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तो नोकरी सोडून गेला की संपलं.

माझ्या मते खरी कलाटणी १९९९ची. लिनक्स २.२ सोबत रस्टी रसेल यांचं ‘आयपीचेन्स’ हे फायरवॉलचं साधन आलं. त्याआधी याद्या ठरलेल्या होत्या. आता आपली स्वतःची साखळी, म्हणजे यादी, करून तिला नाव देता येऊ लागलं. नावाला जागा फक्त आठ अक्षरांची, पण तेवढी पुरली. मेलचे सगळे नियम ‘मेल’ साखळीत, आणि मुख्य यादीत एकच ओळ: मेलचं काही आलं तर तिकडे धाड. तिथे काहीच लागू पडलं नाही तर पॅकेट निघालं होतं तिथेच परतायचं आणि पुढची ओळ वाचली जायची. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, त्यांची ही जुनीच युक्ती. २००१च्या ‘आयपीटेबल्स’नेही ती तशीच ठेवली.

हा झाला नियमांचा गट. पत्त्यांचा गट ही निराळी गोष्ट, आणि दोन्हींची गल्लत सर्रास होते. दहा संगणकांना ‘हिशेब’ म्हणायचं, दहा सर्व्हरांना ‘साठा’, पाच सेवांना आणखी काही, आणि नियम एकाच ओळीत लिहायचा. पण सिस्कोच्या ‘पिक्स’ या फायरवॉलवर ती एक ओळ आत उलगडून पाहिली तर पाचशे ओळी निघत. म्हणजे गट माणसासाठी, यंत्रासाठी नव्हे. ओपनबीएसडी या प्रणालीच्या ‘पीएफ’ फायरवॉलमधलं टेबल आणि लिनक्सचा ‘आयपीसेट’ यांनी यंत्राचंही काम हलकं केलं: हजारो पत्ते असले तरी ते एकेक करून वाचायला लागत नाहीत.

मराठीत नावं ठेवण्याचे दोन अर्थ होतात, आणि दुसराही इथे लागू आहे. संशोधक अविशाय व्हूल यांनी २००४ साली ३७ फायरवॉलचे नियम तपासले. जितकी गुंतागुंत अधिक तितक्या चुका अधिक, असं त्यांना आढळलं. गुंतागुंत मोजताना त्यांनी नियमांबरोबर नाव दिलेल्या वस्तूही धरल्या होत्या. पसारा गटात कोंबला म्हणून तो कमी होत नाही, हे त्यांच्या हिशेबातच आलं.

२००६मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘ईसी२’ ही संगणक भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. तिथे गट हीच फायरवॉल. त्याला म्हणतात सिक्युरिटी ग्रुप. त्यात फक्त परवानग्या लिहायच्या, नकार लिहिताच येत नाही, त्यामुळे ओळींच्या क्रमाचं जुनं दुखणंही गेलं. पत्त्याऐवजी दुसऱ्या गटाचं नाव दिलं तरी चालतं. मात्र बारसं विचार करून करा: गट एकदा तयार झाला की त्याचं नाव बदलता येत नाही.