अंधबिंदू आणि रिद्धपूर

डोळ्याच्या दृष्टिपटलावर एक जागा अशी असते, की तेथे पडलेला प्रकाश आपल्याला दिसत नाही. मेंदूकडे जाणारी नस तेथून बाहेर पडते. त्यामुळे प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्या जागी नसतात. सतराव्या शतकात एद्म मारियॉत या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही जागा दाखवून दिली. मराठीत तिला अंधबिंदू म्हणतात. कागदावर चार बोटांच्या अंतराने दोन ठिपके काढावेत, डावा डोळा मिटावा आणि उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे पाहत कागद पुढेमागे करावा. एका अंतरावर उजवा ठिपका नाहीसा होतो. त्याच्या जागी भोक मात्र दिसत नाही, पांढरा कागदच दिसतो. आजूबाजूचे घेऊन मेंदू ती उणीव बुजवून टाकतो.

अंधत्व आणि अंधबिंदू यांतला भेद येथे आहे. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ मध्ये जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. ते इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत आणि स्वतःचे ग्रंथ सांगून लिहवीत. १९१५ मध्ये चौतिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा मागे शंभराहून अधिक ग्रंथ होते. ज्याला दिसत नाही त्याला ते ठाऊक असते, म्हणून तो दुसऱ्याचे डोळे मागतो. अंधबिंदू असणाऱ्याला मात्र काही मागावे असे वाटतच नाही.

मराठी वाङ्मयेतिहासाची दृष्टी दीर्घकाळ अशीच होती. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ.स. १२७८ च्या आगेमागे, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. 'ज्ञानेश्वरी'चा काळ शके १२१२, इ.स. १२९०. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वि. ल. भावे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहू लागले, तेव्हा महानुभावांचे हे दालन अभ्यासकांना जवळजवळ बंदच होते. विशेष हे, की त्यामुळे इतिहास अपुरा भासला नाही. मुकुंदराज, ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ अशी रेषा सलग ओढता येत होती. जुने गद्य नसणे स्वाभाविक मानले जात होते.

याला दोन कारणे होती. पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले, ही एक बाजू. पंथाविषयी समाजात रुजलेला दूषित ग्रह, ही दुसरी. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपी उलगडली आणि भाव्यांनी पुढील आवृत्तीत महानुभावांना स्थान दिले. एका डोळ्याच्या अंधबिंदूत पडलेले दुसरा डोळा पाहतो, तसे काम पुढे विदर्भाने केले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि अमरावतीत मराठी शिकवलेले वि. भि. कोलते हे त्यातले अग्रणी. कोलत्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग अंधबिंदू नाहीसा झाला का? आम्हांस तसे वाटत नाही. तो सरकला आहे. अमरावती-अकोल्याच्या वर्गांत आम्ही 'लीळाचरित्रा'चा कर्ता म्हणून म्हाइंभटांचे नाव सांगतो, विद्यार्थी ते लिहितात आणि उत्तर पूर्ण होते. पण या ग्रंथातील कितीतरी लीळा महादाइसेच्या प्रश्नांवाचून घडल्याच नसत्या. मूळ प्रत धाडीत गेल्यावर स्मरणातून जे पाठ पुन्हा उभे राहिले, त्यांतला एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो, असे परंपरा सांगते. महादाइसेला आपण 'धवळे' रचणारी आद्य कवयित्री म्हणून एका टिपेत गौरवतो. विचारणारी आणि जतन करणारी स्त्री गद्याच्या इतिहासात मात्र क्वचितच येते. पाठ जतन करणे हे ग्रंथकर्तृत्वाचे अंग आहे की नाही, हा प्रश्न आम्हीच प्रश्नपत्रिकेत घालत नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले. ज्या गावावरून वाङ्मयेतिहासाची नजर इतकी वर्षे सरकून गेली, तेथे आता तोच इतिहास शिकवला जाईल. एवढ्याने समाधान मानू नये. मांडणी जेथे फार सलग आणि निर्वेध दिसते, तेथेच कागद थोडा पुढेमागे करून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे आम्हा शिक्षकांचे काम आहे.