सैल गोळी, घट्ट गोळी
गोळी नळीत घट्ट बसावी की सैल? प्रश्न किरकोळ वाटेल, पण खानदेशचा लष्करी इतिहास वाचताना तो टाळता येत नाही.

१८२५ मध्ये जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली; आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा खानदेशातच. कंपनीच्या फौजांकडची तेव्हाची ब्राउन बेस बघा: नळी ०.७५ इंच, गोळी साधारण ०.६९. एवढी फट मुद्दाम ठेवलेली. काजळी साचली तरी बंदूक भराभर भरता यावी म्हणून. भुर्दंड पडायचा तो नेमाला: शंभर यार्डांपुढे एका माणसावर धरलेली गोळी त्याला लागेलच, असं नाही.

पुढे पितळी काडतूस आलं आणि फटीचा प्रश्न गोळीकडून काडतुसाकडे सरकला. बार उडाला की पितळ फुगून त्या बंदुकीच्या घराचा आकार घेतं. ते पुन्हा भरणाऱ्यापुढे दोन वाटा. फक्त मान आवळली, तर काडतूस त्याच बंदुकीत चपखल बसतं. सगळं अंग मापात आणलं, तर दुसऱ्या बंदुकीतही जातं. पण खांदा जास्त मागे ढकलला, तर पितळ दर बाराला ताणतं आणि शेवटी बुडाजवळ तुटतं. नेमासाठी प्रत्येक काडतूस सारखं बसावं, गोळी नळीच्या रेषेत राहावी.

लष्कराने .३०३ चं घर ऐसपैसच ठेवलं. चिखलातही काडतूस आत गेलं पाहिजे ना!

९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार गेले. मोर्चावर झाडलेल्या गोळीला फारसा नेम लागत नाही. ती उडाली की पुरे.