'एलायझा' आणि दाराबाहेरचा माणूस

जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६४ ते १९६६ या काळात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 'एलायझा' हा संवाद करणारा संगणकीय कार्यक्रम रचला. नाव शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील फुलवालीचे. मराठी प्रेक्षक तिला पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे ओळखतात. ती मुलगी शिकलेल्या भाषेतच गुरूला जाब विचारते. यंत्राची तेवढी पोच नव्हती. टंकलेखित वाक्यातील ठरावीक शब्द हुडकावयाचे, 'मी'चे 'तुम्ही' करावयाचे आणि वाक्य प्रश्नरूपाने परत पाठवावयाचे, एवढेच त्याचे काम. त्याची 'डॉक्टर' ही गाजलेली संहिता कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतील मानसोपचारकाची नक्कल करी. ही निवड चतुर होती, कारण अशा उपचारकाने जगाविषयी अनभिज्ञ असल्यासारखे बोलणे कोणालाच खटकत नाही.

वायझेनबॉम यांची सचिव कित्येक महिने हे काम पाहत होती. तरीही यंत्राशी थोडा संवाद होताच तिने त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. १९७६च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा प्रसंग माणसे किती सहज भ्रमात सापडतात याचा दाखला म्हणून सांगितला. हे अर्थनिर्णयन घाईचे वाटते. आपले बोलणे ऐकून मत बनवू शकेल असा खोलीत एकच जण होता, आणि तिने नेमके त्यालाच बाहेर धाडले. संभाषणे नोंदवून तपासण्याची कल्पना वायझेनबॉम यांनी मांडली, तेव्हाही ती हेरगिरी ठरेल असा आक्षेप आला. यंत्रापुढे मन मोकळे करणारे माणसांपासून सावध होते.

इझरने सांगितलेली संहितेतील रिक्त स्थाने वाचकच भरतो. पण तेथे निदान लेखकाने मांडलेला आराखडा असतो. 'एलायझा'त तोही जवळजवळ नव्हता. साधारणीकरणाच्या दृष्टीने तर येथे उलटाच व्यापार घडतो. रसिकाचे दुःख काव्यात आपले खाजगीपण सोडते. येथे ते बोलणाऱ्याच्याच शब्दांत, अधिक खाजगी होऊन परतते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या माहितीसंरक्षण प्राधिकरणाने 'रेप्लिका' या संवादी सोबत्याच्या कंपनीस इटालियन वापरकर्त्यांची माहिती वापरण्यास मनाई केली. त्याच महिन्यात कंपनीने त्यातील शृंगारिक संभाषण बंद केले, तेव्हा अनेकांनी जोडीदार गमावल्यासारखा शोक व्यक्त केला. त्या शोकालाही भ्रम म्हणून बाजूस सारता येत नाही; समोर यंत्र आहे हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांच्या सोबत्याची भाषा मात्र दाराबाहेरच्या माणसांनी, त्यांना न विचारता बदलली होती.