गोखल्यांच्या चितेपाशी

थोर पुरुष निवर्तला म्हणजे त्याच्या चाहत्यांनी काय करावयाचे ते बहुधा ठरलेलेच असते. सभा भरतात, ठराव होतात, वर्गणी गोळा होते, पुढेमागे पुतळाही उभा राहतो. परंतु ज्यांचे त्याच्याशी पटले नाही, तरीही ज्यांना त्याची थोरवी ठाऊक होती, त्यांनी त्याचे स्मरण कसे करावे? नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मृत्यूच्या वेळी हा प्रश्न दोन माणसांपुढे उभा राहिला, आणि दोघांनीही तो आपापल्या परीने सोडविला.

१९ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री गोखले पुण्यास वारले. वयाची ४९ वर्षेही पुरी झाली नव्हती. मधुमेहाने शरीर पोखरले होते आणि कामाने उरलेसुरले संपविले होते. मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ साली वरिष्ठ कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. ते फेटाळले जाणार हे त्यांना आधीच ठाऊक होते. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचा दौरा, मग सरकारी नोकऱ्यांसंबंधीच्या कमिशनचे काम. विश्रांती अशी त्यांनी घेतलीच नाही.

मृत्यूची वार्ता कळली तेव्हा लोकमान्य टिळक सिंहगडावर होते. ते तातडीने खाली उतरले व स्मशानात आले. त्या येण्याचा अर्थ समजण्यास मागचा इतिहास आठवावा लागतो. एकाच शिक्षणसंस्थेत दोघांनी उमेदीची वर्षे घातली. १८९० साली टिळक तेथून बाहेर पडले. पुढे सार्वजनिक सभेत फूट पडली, आणि १९०७ साली सुरतेस राष्ट्रसभाच दुभंगली. टिळक मंडालेहून १९१४ साली सुटून आल्यावर समेटाची बोलणी निघाली, तीही फिसकटली. गोखल्यांनी भूपेंद्रनाथ बसूंना धाडलेल्या एका खाजगी पत्रावरून जो वाद पेटला, तो गोखल्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत वृत्तपत्रांतून धुमसत होता. शाई अजून ओली होती म्हणा ना!

अशा वेळी चितेपाशी टिळक बोलावयास उभे राहिले. ही वेळ टाळ्या वाजविण्याची नसून अश्रू ढाळण्याची आहे असे त्यांनी जमावाला बजाविले. गोखले हे हिंदुस्थानचा हिरा व महाराष्ट्राचे रत्न होते असे म्हणून, त्यांच्याकडे पाहून त्यांचे अनुकरण करा, असे त्यांनी लोकांना सांगितले. कित्येक जण याला मृताविषयीचा नुसता शिष्टाचार समजतात. मला ते पटत नाही. शिष्टाचारापुरतेच असते तर नुसती उपस्थिती पुरली असती. आणि दुसरे असे की, या भाषणासाठी टिळकांनी आपली बाजू यत्किंचितही सोडली नाही. १९१६ साली ते लखनौच्या राष्ट्रसभेत गेले ते आपली मते घेऊनच. मतभेद झाकला नाही आणि माणूसही लहान केला नाही, हे सोपे काम नव्हे.

दुसरा माणूस त्या वेळी बंगालमध्ये, शांतिनिकेतनात होता. गांधीजी आफ्रिकेतून परतून दीड महिनाही लोटला नव्हता. गोखल्यांना ते आपले राजकीय गुरू म्हणत. पण शिष्याची मते गुरूला मान्य होती असे मात्र नाही. ‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक गोखल्यांना कच्चे व घाईने लिहिलेले वाटले. वर्षभर हिंदुस्थानात राहिल्यावर तुम्ही स्वतःच ते नष्ट कराल, असे ते म्हणत. म्हणूनच त्यांनी गांधीजींकडून वचन घेतले होते की, एक वर्ष देश हिंडून पाहावा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये. मतभेद असूनही माया किती? गांधीजींच्या नियोजित आश्रमाचा खर्च आपण देऊ असे सांगून, त्यांच्या नावाचे खाते आपल्या भारत सेवक समाजाच्या वह्यांत उघडण्यास त्यांनी डॉ. देवांना सांगितले.

तार येताच गांधीजी त्याच दिवशी पुण्यास निघाले. वर्षभर अनवाणी चालण्याचे व्रत त्यांनी घेतले. समाजात शिरावे, म्हणजे गुरूचे काम पुढे चालेल, असे त्यांना मनापासून वाटत होते. तेथे मात्र सभासदांत दोन तट पडले. काहींना ते हवे होते. काहींना त्यांच्या विचारांनी संस्थेचा मार्गच बदलेल अशी भीती वाटत होती. मतांच्या बहुसंख्येने आत जाणे म्हणजे गोखल्यांशी बेइमानी, असे मानून गांधीजींनी स्वतः अर्ज मागे घेतला. माझ्या मते शंका घेणाऱ्यांनाही दोष देता येत नाही. त्यांनाही गोखल्यांचेच घर राखावयाचे होते.

वचन मात्र गांधीजींनी पाळले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ते देश हिंडले, हरिद्वारच्या कुंभमेळ्यास गेले, मे महिन्यात अहमदाबादेजवळ कोचरबला आश्रम काढला. मौनाची मुदत सरल्यावर ६ फेब्रुवारी १९१६ रोजी ते बनारसला बोलले. त्याच नगरीत १९०५ साली गोखल्यांनी राष्ट्रसभेचे अध्यक्षपद भूषविले होते. गांधीजींचे भाषण इतके रोखठोक झाले की, ॲनी बेझंटबाईंनी ते थांबविण्यास सांगितले व संस्थानिक व्यासपीठावरून उठून गेले. गोखल्यांना ते भाषण रुचले असते असे मला वाटत नाही. अनवाणी चालण्याचे वर्ष पुरे व्हावयास तेव्हा अजून दोन आठवडे होते.